बोर्डगेममधली चित्रं, स्वतंत्र डिझाइन आणि लोकवर्गणी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

परदेशातल्या छोट्या बोर्डगेम कंपन्यांसाठी मी पुण्यात बसून पत्ते, पट आणि खोक्यांवरची चित्रं काढते. हे ज्यांना कळलं त्यांचे प्रश्न येतच राहतात. त्यात चित्रकलेचे विद्यार्थी असतात, स्वतःचा खेळ बनवणारे असतात आणि ‘पैसे भरलेत, खोका कधी येणार?’ असं मलाच विचारणारेही असतात. तीच उत्तरं पुन्हा पुन्हा टाइप करण्यापेक्षा ती इथे एकत्र केली आहेत. कायद्याबद्दल जे लिहिलंय ते ढोबळ समजुतीपुरतं आहे. सही करण्याआधी करार वकिलाला दाखवा.

१. लोकवर्गणीतून खेळ निघतो म्हणजे काय? दुकानात आगाऊ पैसे भरण्यासारखंच ना?

नाही. गणपतीची वर्गणी डोळ्यांसमोर आणा. पावती आधी फाटते, मांडव नंतर उभा राहतो. खेळ बनवणारे मोहीम लावतात, किती पैसे हवेत आणि किती दिवसांत ते जाहीर करतात आणि लोक आपापला वाटा उचलायचं कबूल करतात. या लोकांना बॅकर म्हणतात. २००९ साली सुरू झालेलं किकस्टार्टर हे यातलं सर्वांत मोठं नाव. तिथे ‘सगळं किंवा काहीच नाही’ असा नियम आहे. ठरवलेला आकडा गाठला नाही तर कुणाच्याही खात्यातून पैसे जात नाहीत. गाठला तर किकस्टार्टर ५ टक्के घेतं, आणि पेमेंटचा खर्च वेगळा. बोर्डगेमसाठी गेमफाउंड आणि बॅकरकिट हेही आता वापरात आहेत.

दुकानात वस्तू तयार असते. इथे ती व्हायची असते, आणि कधीकधी होत नाही. त्याबद्दल शेवटचा प्रश्न वाचा.

२. गेम डिझायनर, इलस्ट्रेटर, ग्राफिक डिझायनर हे सगळं एकच माणूस करतो का?

क्वचित. गेम डिझायनर नियम घडवतो: कुणाची पाळी कधी, गुण कसे, खेळ कुठे संपतो. इलस्ट्रेटर चित्र काढतो. ग्राफिक डिझायनर त्या चित्राभोवतीची चौकट, चिन्हं, अक्षरं आणि नियमपुस्तिकेची मांडणी करतो. मोठ्या कामात या सगळ्यांना एका सुरात ठेवणारा आर्ट डायरेक्टर असतो.

नवखे लोक ग्राफिक डिझायनरचे पैसे वाचवायला जातात आणि हमखास तिथेच फसतात. साधं चित्र आणि उत्तम मांडणी असलेला खेळ खेळता येतो. चित्र अप्रतिम, पण आकडा कुठे लिहिलाय तेच सापडत नाही, असा खेळ दुसऱ्यांदा कुणी उघडत नाही.

३. ‘स्वतंत्र’ किंवा इंडी खेळ नेमका कुठला?

काटेकोर व्याख्या नाही. मोठ्या प्रकाशकाच्या पैशाशिवाय, बनवणाऱ्याच्या हातात निर्णय ठेवून निघालेला खेळ, एवढं धरून चाला. अमेरिकेतला रायन लॉकट नियमही स्वतः रचतो आणि चित्रंही स्वतः काढतो. त्याच्या रेड रेव्हन गेम्सचे बरेचसे खेळ किकस्टार्टरवरूनच आले. दुसऱ्या टोकाला ‘फ्रॉस्टहेवन’. २०२० साली ८३ हजारांहून जास्त बॅकरांनी त्याला १ कोटी २९ लाख डॉलरच्या वर दिले, तरी तोही एका छोट्या कंपनीचाच खेळ.

सुरुवात करायची असेल तर मी झीनकडे बोट दाखवते. किकस्टार्टरने २०१९ च्या फेब्रुवारीत ‘झीन क्वेस्ट’ सुरू केला. रोलप्लेइंग गेमची (पात्र बनून खेळायच्या खेळाची) छोटी पुस्तिका, घडी घालून मध्ये स्टेपल मारलेली, बहुतेकदा एकाच शाईत छापलेली. आपल्याकडच्या कॉलेजच्या हस्तलिखितांचीच जातकुळी. पंधरा-वीस रेखाचित्रांत काम होतं, आणि फसलं तरी घर विकावं लागत नाही.

४. खेळ चांगला असला की झालं ना? चित्रांचा एवढा बाऊ कशाला?

खेळ चांगला आहे हे खेळल्यावर कळतं. मोहिमेत मात्र पैसे देणाऱ्याने तो खेळलेला नसतो. त्याला दिसतं ते चित्र, आणि पैसे पडतात ते त्या चित्रावर. या धंद्यातल्या जवळजवळ सगळ्या भानगडी इथूनच सुरू होतात.

काही उदाहरणं. ‘एक्स्प्लोडिंग किटन्स’ने २०१५ साली १० हजार डॉलर मागितले आणि २ लाख १९ हजारांहून जास्त लोकांनी मिळून ८७ लाखांच्या वर दिले. त्यातली मांजरं मॅथ्यू इनमनने काढलेली होती, आणि त्याच्या व्यंगचित्रांचे चाहते आधीपासूनच जगभर होते. ‘साइद’ची गोष्ट मला जास्त आवडते. पोलंडचा चित्रकार याकुब रोझाल्स्की १९२० च्या दशकातला एक काल्पनिक पूर्व युरोप रंगवत होता: शेतात कापणी करणारी माणसं, आणि पलीकडे धुक्यात उभी लोखंडी यंत्रं. ती चित्रं बघून जेमी स्टेगमायरने त्या जगात बसणारा खेळ रचला. आधी चित्र, मग नियम. २०१५ च्या मोहिमेत १७ हजारांहून जास्त बॅकरांनी १८ लाख डॉलर दिले.

‘रूट’मध्ये (मोहीम २०१७, खेळ २०१८) चित्र वेगळंच काम करतं. कोल वेर्लीचे नियम अवघड आहेत. प्रत्येक पक्ष वेगळ्याच तऱ्हेने खेळतो, आणि विषय जंगलातल्या सत्तेच्या लढाईचा. काइल फेरिनने तिथे गोल डोळ्यांची मांजरं, पक्षी आणि ससे बसवले. नुसते सैनिक काढले असते तर निम्मे लोक दारातूनच परत गेले असते असं माझं मत.

आणि ‘कॅन्व्हास’मध्ये तर चित्र हाच खेळ आहे. पारदर्शक पत्ते एकावर एक ठेवून आपलं चित्र तयार करायचं, आणि वरच्या पत्त्याने खालचं कुठलं चिन्ह झाकलं जातं त्यावर गुण. चित्र काढून घेतलंत तर हातात काही उरत नाही.

५. मोहीम लावण्याआधी किती चित्रं तयार हवीत? पैसे तर मोहिमेतूनच येणार आहेत.

हा तिढा सगळ्यांनाच पडतो. वर म्हटलं तसं, चित्राशिवाय वर्गणी नाही आणि वर्गणीशिवाय चित्राला पैसे नाहीत. आधी कळस मग पाया, असा हा उलटा धंदा आहे.

व्यवहारात लोक असं करतात: खोक्यावरचं मुख्य चित्र, पट, पत्त्यांची पक्की चौकट आणि त्यात बसवलेले सहा-आठ नमुन्याचे पत्ते, एवढं स्वतःच्या खिशातून करून घेतात. उरलेलं मोहिमेनंतर. हे नमुने पूर्ण हवेत, कच्चे नकोत. बाकी पत्त्यांवर रेघोट्या असल्या तर चालतं, मात्र ‘अंतिम चित्र नाही’ असं मोहिमेत लिहा. किकस्टार्टरवर खऱ्या वस्तूसारखी दिसणारी, फोटोइतकी हुबेहूब संगणकीय चित्रं ‘हा बघा आमचा खेळ’ म्हणून दाखवून चालत नाही. खरा प्रोटोटाइप टेबलावर ठेवून फोटो काढावा लागतो.

चित्रकाराच्या बाजूने माझा सल्ला एकच. हे पहिलं काम रोख पैशाशिवाय घेऊ नका. का, ते प्रश्न ९ मध्ये.

६. खेळात शंभर पत्ते आहेत म्हणजे शंभर चित्रं?

आधी मोजा, मग घाबरा. समजा १०८ पत्ते आहेत. त्यांत एकसारखे पत्ते वगळले तर वेगळी चित्रं कदाचित तीसच निघतील. त्यात पत्त्याची पाठ, खोका, पट, चार-पाच पात्रं आणि चिन्हांचा संच मिळवा. हा हिशोब कागदावर करून चित्रकाराकडे या. ‘साधारण थोडीफार चित्रं आहेत’ या वाक्यावर कुणीही धड भाव सांगू शकत नाही.

आणखी एक गोष्ट फार उशिरा कळते. बऱ्याच कारखान्यांत नेहमीच्या मापाचे ५४ पत्ते एका मोठ्या कागदावर बसतात. म्हणजे १०८ पत्ते दोन कागदांत मावतात आणि १०९ वा पत्ता तिसरा कागद मागतो. मोहिमेच्या भरात ‘इतके डॉलर जमले तर दोन पत्ते जास्त’ असं जाहीर करण्याआधी छापणाऱ्याला विचारा.

७. पत्त्याची फाइल कशी द्यायची? माप, ब्लीड वगैरे.

नेहमीचा पत्ता ६३ × ८८ मि.मी. चारही बाजूंनी ३ मि.मी. ब्लीड (कापून जाणारी जास्तीची कड) धरला तर फाइल ६९ × ९४ मि.मी. होते. ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) ती सुमारे ८१५ × १११० पिक्सेल. कापताना पातं मिलिमीटरभर इकडेतिकडे सरकतंच, म्हणून रंग कडेच्या बाहेरपर्यंत न्यायचा, आणि अक्षरं-आकडे कडेपासून निदान ३ मि.मी. आत ठेवायचे. पत्त्याला बारीक एकसारखी किनार दिलीत तर तेच सरकणं डोळ्यांत खुपतं. एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला बारीक. किनार रुंद ठेवा किंवा ठेवूच नका.

आता हातात पत्ते धरा. खरंच धरा, साधे रमीचे घ्या. सात पत्ते पंख्यासारखे उघडले की प्रत्येकाची फक्त डावी कड दिसते, बोटभर रुंद. खेळताना जे सतत बघावं लागतं (किंमत, प्रकार, ताकद) ते त्या पट्टीत, वरच्या डाव्या कोपऱ्यात यायला हवं. मी चित्र सुरू करण्याआधी कोरी चौकट छापून, कातरीने कापून, जुन्या पत्त्यांसोबत प्लॅस्टिकच्या स्लीव्हमध्ये घालते आणि कुणाच्या तरी हातात देते. झेरॉक्सचे चाळीस रुपये, आणि नंतरची आठवडाभराची दुरुस्ती वाचते.

टोकन जाड पुठ्ठ्यातून ठोकून काढतात. त्यासाठी कारखाना डाय-लाइनची, म्हणजे साचा कुठे कापणार त्या रेषांची, फाइल देतो. त्या रेषा वेगळ्या लेयरवर ठेवा, चित्रात मिसळू नका.

८. स्क्रीनवर झकास दिसलेलं चित्र छापून आल्यावर काळवंडलं. चूक कुणाची?

बहुधा तुमची, पूर्वी माझीही. स्क्रीन उजेडाने रंग दाखवते, कागद शाईने. मी एकदा रात्रीच्या बंदराचं चित्र काढलं होतं: निळ्यावर जांभळा, त्यावर गडद तपकिरी होड्या. लॅपटॉपवर प्रत्येक होडी वेगळी दिसत होती. नमुना छापून आला आणि मैत्रिणीकडे ट्यूबलाइटखाली खेळायला बसलो तर पाच होड्यांची एक काळी गाठ झालेली. तिच्या आईने विचारलं, “हा डोंगर का?”

तेव्हापासून गडद चित्र आधी करड्या रंगांत बघते. उजेड-अंधार तिथे वेगळे दिसले नाहीत तर रंग वाचवायला येत नाहीत. फाइल सीएमवायकेमध्ये (छपाईच्या चार शायांच्या रंगांत) करा, छापणाऱ्याने सांगितलेली शाईची एकूण मर्यादा पाळा आणि छापील नमुना मागवल्याशिवाय होकार देऊ नका.

याच प्रश्नाला जोडून रंगांधळेपणाचंही सांगते, कारण वेगळं विचारणारे फार थोडे. युरोपीय वंशाच्या दर बारा पुरुषांपैकी साधारण एकाला लाल-हिरव्यातला फरक नीट कळत नाही, आणि या खेळांचे बरेचसे गिऱ्हाईक तिकडचे. रंगासोबत आकार किंवा चिन्ह बदला. लाल सोंगटी चौकोनी, हिरवी गोल. चिन्हांवर भागवलं तर दुसऱ्या भाषेत खेळ काढतानाही पत्ते पुन्हा मांडावे लागत नाहीत.

९. मानधन ठोक घ्यावं की रॉयल्टी?

नियम रचणाऱ्याला बहुधा विक्रीवर रॉयल्टी असते. चित्रकाराला बहुधा ठोक रक्कम. मला ठोकच बरी वाटते. जमलीच नाही त्या वर्गणीतला वाटा म्हणजे बाजारात तुरी.

हे शिकायला एक वर्ष गेलं. परदेशातल्या एका नव्या कंपनीने ‘मोहीम झाली की पूर्ण पैसे, शिवाय टक्केवारी’ असं सांगून माझ्याकडून खोका आणि नऊ पत्ते काढून घेतले. मोहीम पडली. कंपनीने विनम्र मेल पाठवला आणि तिथेच विषय संपला. चित्रं छान झाली होती हे माझं समाधान. त्याने विजेचं बिल भरत नाही.

आता अर्धी रक्कम आधी, उरलेली अंतिम फाइल देण्याआधी. अर्ध्यात काम थांबलं तर किती द्यायचे हे करारात आधीच लिहिलेलं असतं, मोफत दुरुस्त्या किती फेऱ्यांपर्यंत हेही. मोहीम वाढून ‘प्रत्येक पत्त्याला वेगळं चित्र’ असं कुणी जाहीर केलं तर ते नवं काम, नवा भाव, नवी तारीख. परदेशातून पैसे आल्याचा बँकेचा दाखला जपून ठेवा आणि जीएसटीचं काय ते सीएला विचारा.

१०. चित्र मी काढलं, मग हक्क माझाच ना?

तुम्ही कुठल्या देशात बसून विचारताय यावर ते आहे. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम १७ सांगतं की पैसे घेऊन दुसऱ्याच्या सांगण्यावरून काढलेल्या चित्राचा पहिला मालक, उलट करार नसेल तर, ते काढायला सांगणारा असतो. अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये स्वतंत्र चित्रकाराचा हक्क लेखी दिल्याशिवाय सहसा जात नाही. म्हणजे परदेशी कंपनीने करारच केला नाही तर दोघंही आपणच मालक आहोत असं समजून बसू शकतात. गप्प राहण्यात कुणाचाच फायदा नाही. कुठल्या देशाचा कायदा लागू हे करारात लिहा.

त्याशिवाय काय लिहावं? चित्र फक्त या खेळासाठी की टी-शर्ट, व्हिडिओ गेम, विस्तारसंच (मूळ खेळाला जोडायची पुरवणी) यांसाठीही. माझं नाव खोक्यावर की पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर. पोर्टफोलिओत कधीपासून दाखवता येईल. मूळ चित्र कागदावर असेल तर तो कागद कुणाचा, हेही. कॉपीराइट दिला म्हणजे कागद दिला असं होत नाही, आणि चाहते मूळ चित्र आवर्जून विकत घेतात.

एक गोष्ट हक्क विकूनही तुमच्याकडे राहते. कलम ५७ प्रमाणे चित्राचा कर्ता म्हणून नाव सांगण्याचा आणि नावाला बट्टा लागेल अशी मोडतोड रोखण्याचा अधिकार. शिल्पकार अमरनाथ सेहगल यांनी विज्ञान भवनातलं आपलं भित्तिशिल्प उतरवल्याबद्दल केंद्र सरकारविरुद्ध याच कलमावर लढा दिला आणि २००५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात जिंकला.

११. करार झाला, पण मोहीम दोन वर्षं रखडली. हक्क अजून कंपनीकडेच का?

हा बारीक काटा बहुतेकांना ठाऊक नसतो. आपल्या कायद्याच्या कलम १९ मध्ये तीन गोष्टी आहेत. हक्क किती काळासाठी दिला हे लिहिलं नाही तर तो पाच वर्षांसाठी धरतात. कुठल्या प्रदेशासाठी हे लिहिलं नाही तर भारतापुरता. आणि घेणाऱ्याने एका वर्षात तो वापरलाच नाही तर, करारात वेगळं काही नसेल तर, त्या हक्काचं हस्तांतरण रद्द झाल्यासारखं होतं.

लोकवर्गणीतला खेळ एका वर्षात क्वचितच छापून होतो, आणि तो भारतापुरता तर नसतोच. म्हणून या तीन ओळी कंपनीने घालून घेतल्या पाहिजेत आणि तुम्ही वाचल्या पाहिजेत. करारात अमेरिकेचा कायदा लागू असेल तर गणित बदलतं (प्रश्न १०).

१२. आमच्या खेळाची कल्पना कुणी उचलली तर? एनडीए (गुपित न फोडण्याचा करार) करून घेऊ का?

कल्पना किंवा खेळण्याची पद्धत कॉपीराइटने राखता येत नाही, इकडेही नाही आणि अमेरिकेतही नाही. आपल्याकडे आर. जी. आनंद खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्येच कल्पना आणि मांडणी यांत फरक केला. नियमपुस्तिकेचे शब्द, चित्रं आणि पटाची मांडणी मात्र राखली जाते. म्हणजे नक्कल करणाऱ्याला तुमचे नियम सहज मिळतात, पण चित्रं आणि मांडणी नाहीत. स्वतंत्र डिझायनरने चित्रांचे हक्क स्पष्ट ठेवण्याचं हे आणखी एक कारण.

एनडीए मागणारे बहुतेक जण दहा माणसांसोबतही खेळ खेळून बघितलेले नसतात. आधी ते करा.

१३. दीनानाथ दलाल, धुरंधर, रविवर्मा यांची जुनी चित्रं खेळात वापरू का?

तिघांचं उत्तर एकच नाही. भारतात चित्रकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षं कॉपीराइट असतो, आणि ती मोजणी पुढच्या वर्षाच्या सुरुवातीपासून होते. राजा रविवर्मा १९०६ साली गेले. त्यांची चित्रं आणि मळवलीच्या छापखान्यातले जुने शिळाछाप कधीच मोकळे झाले आहेत. एम. व्ही. धुरंधर १९४४ साली गेले, तेही मोकळे. दलाल १९७१ साली गेले, म्हणजे २०३१ च्या अखेरपर्यंत थांबा. घरच्या माळ्यावर दिवाळी अंक सापडला म्हणून चित्र तुमचं झालं नाही. दलालांचं चित्र अंकासाठी काढलेलं असेल तर मालक कोण हे पुन्हा प्रश्न १० कडे जातं.

चित्र मोकळं असलं तरी त्याचा चांगला स्कॅन मिळवावा लागतो, आणि संग्रहालयाच्या फोटोला वेगळ्या अटी असू शकतात. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने २०१७ मध्ये आपल्याकडच्या मोकळ्या चित्रांच्या लाखो प्रतिमा विनाअट खुल्या केल्या. झीनवाले तिथून पोटभर घेतात.

१४. गंजिफा किंवा वारली शैलीत खेळ काढला तर?

सावंतवाडीची गंजिफा बघितली नसेल तर आधी ती बघा. हाताने रंगवलेले गोल पत्ते, वर लाखेचा चमकदार थर. दशावतारी संचात दहा अवतारांचे दहा गट, प्रत्येकात राजा, प्रधान आणि एक ते दहा, असे १२० पत्ते. मुघल संचात ८ गटांचे ९६. प्रत्येक गटाची खूण वेगळी: मत्स्याचे मासे, कूर्माची कासवं. मासे मोजले की पत्ता कळला, अक्षर वाचायची गरजच नाही. प्रश्न ८ मध्ये मी चिन्हांबद्दल जे सांगतेय ते सावंतवाडीच्या चिताऱ्यांनी फार आधी करून ठेवलं होतं. गेल्या शतकात ही कला विझत आली होती, तेव्हा तिथल्या राजघराण्याने राजवाड्यात कारागीर बसवून ती सावरली.

गोल पत्त्यांना मात्र वेगळा डाय लागतो, भाव वाढतो आणि पिसताना ते हातातून निसटतात. अनुभवाने सांगते.

वारली शैलीवर कुणा एकाचा कॉपीराइट नाही, पण वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन आहे, त्यामुळे ते नाव वाटेल त्या वस्तूला लावून विकता येत नाही. माझं मत सरळ आहे. वारली खेळ काढायचाय तर डहाणू-तलासरीकडच्या चित्रकाराला काम द्या, प्रश्न ९ मधल्याच अटींवर, आणि नाव खोक्यावर पुढच्या बाजूला.

१५. एआयने चित्रं करून घेतली तर खर्चच वाचेल ना?

प्रोटोटाइपपुरतं घरात काय वापरता ते कुणी विचारत नाही. मोहिमेत प्रश्न येतो. २९ ऑगस्ट २०२३ पासून किकस्टार्टरवर एआय कुठे आणि कसा वापरला हे उघड सांगावं लागतं. बोर्डगेमचे बॅकर याबाबतीत तिखट आहेत. मोहिमेखाली पहिला प्रश्न हाच येतो.

दुसरं, अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयाने २०२३ मध्ये एका कॉमिकबाबत ठरवलं की मजकूर आणि मांडणी राखली जाईल, पण एआयने काढलेली चित्रं नाहीत. आता प्रश्न १२ पुन्हा वाचा. नियम राखता येत नाहीत, आणि चित्रंही राखता आली नाहीत तर नक्कल करणाऱ्याला अडवायला फारसं काही उरत नाही. मी चित्रकार आहे, तेव्हा माझं मत एकांगी आहे असं खुशाल म्हणा.

१६. भारतात राहून किकस्टार्टरवर मोहीम लावता येते का?

थेट नाही. मोहीम लावता येणाऱ्या देशांच्या यादीत भारत नाही. बॅकर होता येतं. लोक तिकडे कंपनी काढतात किंवा तिथल्या प्रकाशकाशी हातमिळवणी करतात. मुंबईच्या मेमेसिस कल्चर लॅबचा ‘शासन’ हा राजकारणावरचा खेळ २०१९ मध्ये किकस्टार्टरवर आला होता. नातेवाइकाच्या खात्यावर मोहीम लावायची कल्पना दर महिन्याला कुणीतरी मला सांगतं. त्यात करापासून ते रुसव्याफुगव्यापर्यंत सगळं येतं.

बॅकर झालात तर पाठवणीचा खर्च बऱ्याचदा नंतर वेगळा मागतात, आणि इथे कस्टम्स व जीएसटी वेगळे. मिनिएचरनी (छोट्या पुतळ्यांनी) भरलेला चार किलोचा खोका मागवण्याआधी बेरीज करा.

१७. भरघोस वर्गणी जमलेल्या कंपन्याही का बुडतात?

कारण बॅकरकडून आकडा आज घेतलेला असतो आणि कागद, जहाज, जकात यांचे भाव पुढच्या वर्षीचे असतात. २०२५ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेने चिनी मालावरची जकात १४५ टक्क्यांवर नेली. बहुतेक बोर्डगेम चीनमध्ये छापले जातात. पुढच्या महिन्यात ती बरीच खाली आली, पण तोवर कित्येकांची गणितं कोलमडली होती. चित्रकाराला याचा फटका असा बसतो की ठरलेला विस्तारसंच रद्द होतो.

१८. पैसे घेऊन खेळ आलाच नाही, तर चित्रकाराला बोल लागतो का?

लागतो, कारण पोस्टरवर त्याचंच चित्र असतं. दोन प्रकरणं बघा.

२०१२ मध्ये ‘असायलम’ नावाच्या पत्त्यांच्या जोडासाठी सुमारे २५ हजार डॉलर जमले. भुताटकीची चित्रं सर्बियातल्या चित्रकाराची. पत्ते आले नाहीत. वॉशिंग्टन राज्याच्या महाधिवक्त्याने २०१४ मध्ये मोहीम लावणाऱ्यावर दावा ठोकला आणि पुढच्या वर्षी कोर्टाने दंड केला. चित्रकारावर नाही.

२०१२ मध्येच ‘द डूम दॅट केम टू अटलांटिक सिटी’ने ३५ हजार मागून १ लाख २२ हजारांवर डॉलर जमवले. नियम कीथ बेकरचे, चित्रं ली मोयरची, पण पैसे एका तिसऱ्याच माणसाच्या हातात. २०१३ मध्ये त्याने खेळ रद्द झाल्याचं जाहीर केलं. अमेरिकेच्या व्यापार आयोगाने २०१५ मध्ये कारवाई केली तेव्हा पैसे घरभाड्यात आणि दुसऱ्याच गोष्टींत गेल्याचा आरोप ठेवला. लोकवर्गणीच्या बाबतीत आयोगाची ती पहिलीच कारवाई. बेकर आणि मोयर मोहिमेचे मालक नव्हते, तरी लोकांना नावं त्यांचीच ठाऊक होती.

म्हणून करारात एक ओळ घाला: मोहिमेत माझं नाव आणि चित्र वापरणार असाल तर पैसे कुणाच्या खात्यात जाणार आणि खेळ पोचवण्याची जबाबदारी कुणाची, हे मोहिमेच्या मजकुरात स्पष्ट लिहावं. मी ही ओळ घालते. आतापर्यंत एकाच कंपनीने ती काढायला सांगितली, आणि ते काम मी घेतलं नाही.

‘डूम’चं पुढे असं झालं की क्रिप्टोझोइक नावाच्या कंपनीने तो खेळ स्वतः छापायला घेतला आणि मूळ मोहिमेत पैसे गेलेल्या बॅकरांना फुकट पाठवला. खोक्यावर चित्र मोयरचंच.